पट्टा पडल्यावरचं दुखणं

परवा सकाळी गच्चीवर वाळत घातलेली पांढरी ओढणी काढायला गेले, तर तिच्यावर काळी काजळी पडलेली. झटकली तर आणखीच पसरली. म्हणजे कारखान्याची चिमणी पेटली. कॅलेंडर बघायची गरजच नाही. अंकुशनगरच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, गळीत हंगाम सुरू झाल्याचं तिला धुण्यावरून कळतं. दोन दिवसांत मळीचा आंबूस वास सुटतो. पाहुणे नाक मुरडतात आणि आम्हाला आठवडाभरानं तो येईनासाच होतो. मग ट्रॅक्टर, त्यांच्यावर ठणाणा वाजणारी गाणी, रस्ताभर ऊस सांडत जाणाऱ्या बैलांच्या टायरगाड्या, आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात एका दिवसात उभ्या राहिलेल्या, ऊस तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या. दवाखान्याच्या दाराशी चपला वाढतात. त्यांना चिकटलेली माती वेगळ्या गावांची असते.

वीसेक वर्षं मी इथं दवाखाना चालवते. माहेर जालन्याचं, सगळे नोकरदार, वकील, मास्तर. उसाशी आमचा संबंध रसाच्या ग्लासापुरता. इथं आल्यावर एवढे हंगाम पाहिले की ते आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी कुणाला साप चावला, कुठल्या वर्षी कोपीत बाळंतपण झालं, काही सांगता येत नाही. एकच हंगाम तेवढा वेगळा राहिलाय. त्या हंगामात, चाळिशी उलटून गेल्यावर, मला पुन्हा शाळेत बसावं लागलं. शिकणं मला आवडतं, पण चुकलेलं गणित फळ्यावर जाऊन सोडवणं मला लहानपणापासून आवडत नाही. त्या वर्षी तेच करावं लागलं.

आधी एका दुखण्याबद्दल सांगते, जे कुठल्याही पुस्तकात नाही. कारखान्याचं गाळप संपलं की इकडे ‘पट्टा पडला’ म्हणतात. पट्टा पडला की तोडकरी सामान बांधतात आणि गावाकडे निघतात. आणि नेमकं तेव्हाच, सहा महिने पहाटेपासून कोयता चालवून जे आजारी पडले नाहीत, त्यांच्यातले काहीजण आजारी पडायचे. काम थांबलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, हातपाय ओढणं, डोळ्याला डोळा न लागणं. अंगावर काटा यायचा, तोही फाल्गुनातल्या उन्हात. दर वर्षी यायचे असे लोक. ‘पट्ट्याचं दुखणं’ म्हणायचे त्याला.

मला याचं फार कुतूहल होतं. माणूस कामानं आजारी पडतो हे समजतं, काम संपल्यानं कसा पडेल? ज्याला विचारावं त्याच्याकडे कारण तयार. माझी नर्स शोभा सिस्टर मूळची राजूरकडची, पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर असलेली आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली बाई. ती म्हणायची, "बाई, अंगाला सहा महिने कामाची सवय लागती. काम थांबलं की अंग रुसतं." एक मुकादम म्हणाला, पाणी बदलल्याचं आहे. एका ट्रॅक्टरवाल्याच्या मते मळीचा वास बंद झाला की डोकं उठतं. मी पडले शिकलेली, मी त्याला व्हायरल म्हणायचे. तापाची गोळी, जुलाबाची पुडी, आणि अंग फारच मोडतंय म्हटल्यावर दुखण्याची ती जोरकस लाल-पिवळी कॅप्सूल पाच दिवस. दुसऱ्या दिवशी माणूस टवटवीत. माझ्या हाताला गुण आहे अशी चार तालुक्यांत ख्याती होती, आणि ती ऐकताना मी नको नको म्हणत खूश व्हायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर जालन्याला डॉक्टरांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. वेदनाशामक औषधांची सवय कशी लागते, ती टाळायची कशी, लागली तर उपचार काय. पत्र वाचून मी बाजूला ठेवलं होतं. हे मोठ्या शहरांतले विषय, आपल्याकडे तंबाखू आणि दारू, असा माझा हिशेब. गेले ती भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता म्हणून. सकाळी प्रशिक्षणाला तोंड दाखवायचं आणि जेवणानंतर कापड दुकानात पळायचं, असा बेत होता.

शिकवायला आलेली मानसोपचारतज्ज्ञ तिशीतली, किडकिडीत मुलगी. तिचा आवाज एवढा हळू, की मागच्या रांगेतल्यांना पुढं यावं लागलं. आणि मागच्या रांगेत बसण्यात आम्हा डॉक्टरांचा हात कुणी धरणार नाही. तिनं पडद्यावर काही दाखवलंच नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, "एक माणूस काही महिने रोज ट्रॅमाडॉलची कॅप्सूल घेतोय. एक दिवस ती मिळाली नाही. पुढच्या चार दिवसांत तो तुमच्याकडे काय तक्रार घेऊन येईल, लिहा." जवळच्या एका तरुण डॉक्टरनं भराभर लिहायला घेतलं. मी पेन उघडून बसले. मग तिनं स्वतःच वाचून दाखवलं. जांभया. नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर काटा. पोटात मुरडा, जुलाब. हातपाय ओढणं. झोप नाही.

मी कागदावर तीनच शब्द लिहिले. पट्टा पडला की.

मागून एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं दारूचे पेशंट येतात. गोळीवाले काई येत न्हाईत." सगळे हसले. मीही हसले, सवयीनं. ती तशीच हळू म्हणाली, "गोळीवाले गोळीसाठीच येत असतील, सर. त्याला ते तक्रार कशाला म्हणतील?" तिनं पुढं बरंच सांगितलं. एकच डोस पुरेनासा कसा होतो, मर्यादेबाहेर गेलं की झटके कसे येतात, ही सवय म्हणजे स्वभावाचा दोष नाही, शरीरात झालेला बदल आहे आणि त्याला उपचार आहे. पण मी त्या यादीपाशीच अडकले होते. इतकी वर्षं मी त्यांना जी लाल-पिवळी ट्रॅमाडॉलची कॅप्सूल देऊन बरं करत होते, ती काम संपल्यावर घेणं थांबल्यामुळेच तर ते आजारी पडत होते. दुपारी बस्त्याला गेले. बहीण म्हणाली, तुझं लक्ष कुठंय? मी पैठणी समजून भलत्याच साडीला हो म्हणून बसले होते.

यानंतर आठवड्याच्या आत, एका सकाळी, कौसाबाईला टायरगाडीत घालून आणलं.

कौसाबाई आष्टीच्या पुढच्या एका खेड्यातली. चाळिशीची, उंच, बोलघेवडी. दरसाल यायची. नवरा नामदेव आणि ती मिळून एक कोयता. इकडे जोडप्याला कोयताच म्हणतात, एकट्या माणसाला कुणी कामावर घेत नाही. फडात ऊस तोडता तोडता तिला झटका आला होता. जीभ चावली गेलेली, केसांत पाचट. हातातला कोयता उडून शेजारच्या बाईच्या पावलापासून वीतभर अंतरावर मातीत रुतला होता. ती शेजारीण पण गाडीत बसून आली होती, आणि स्वतःच्या पावलाकडे टक लावून बघत होती. नामदेव एकच वाक्य घोकत होता, "फेफरं न्हाई बाई तिला. फेफरं लिहू नका." त्याच्या मागे टोळीचा मुकादम दारातच उभा होता. फेफऱ्याच्या बाईच्या हाती कोयता कोण देणार? एकदा तो शब्द टोळीत फिरला की पुढच्या साली त्या दोघांचं नाव कुणीही घेणार नाही, हे दवाखान्यात प्रत्येकाला ठाऊक होतं.

ती शुद्धीवर आली तेव्हा मी विचारलं, "कौसाबाई, कुठल्या गोळ्या घेतेस?" हा प्रश्न मी आधी कधीच कुणाला असा विचारला नव्हता. असा म्हणजे उत्तर ऐकून घ्यायच्या तयारीनं. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून एक चिठ्ठी काढून दिली. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेली, आधार कार्ड करतात तशी. वर माझ्या दवाखान्याचं नाव, खाली माझी सही, आणि तारीख दोन हंगामांपूर्वीची.

"हे असं कुणी करून दिलं?"

"आष्टीच्या बाजारात, झेरॉक्सवाल्यानं. कोपीत पाणी गळतं बाई, कागुद टिकत न्हाई. तुमची चिठ्ठी, फाटली मंग?" ती मलाच समजावत होती. "आमच्या टोळीत समद्यांला चालते ही. मेडिकलवाला बघतो आन बराबर देतो."

प्लॅस्टिकखाली माझं इंग्रजी अक्षर जसंच्या तसं राहिलं होतं. औषधाचं नाव, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ते ‘पाच दिवस’ मी इतकं घाईत खरडलं होतं की मलाच ते लागायला वेळ लागला. तिला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी तर नव्हतंच. बाहेर तिची गाडी भरून उभी असणार, रांगेत वीस माणसं असणार, आणि ‘कंबर लई धरलीय, उद्या फडात जायचंय’ एवढं ऐकून मी लिहून मोकळी झाले असणार. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

"दिवसाला किती घेतेस?"

तिनं बोटांवर मोजलं. उठल्या उठल्या दोन, न्याहारीला दोन, दुपारी, मोळ्या चढवायच्या आधी, निजताना. शोभा सिस्टर सलाईन लावता लावता थांबली. मी विचारलं, "आणि एवढं घेतल्यावर दुखायचं थांबतं?"

"पैल्या साली थांबायचं," ती म्हणाली. "आता दुखणं थांबाया न्हाई घेत. आता घेतली न्हाई तर उठूच होत न्हाई."

कॉलेजात मला हे दोन तास लावून शिकवलं होतं आणि परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. बाईनं दोन वाक्यांत सांगितलं, तेही चावलेल्या जिभेनं.

त्या किडकिडीत मुलीचा नंबर मी घेतला होता, फोन केला. तिनं कौसाबाईला जालन्याला बोलावलं. चार-पाच दिवस ठेवून घेतलं, डोक्याची तपासणी करून घेतली, आणि झटका औषधाचाच, असं निदान झालं. कॅप्सूल बंद झाली आणि तिच्या जागी जिभेखाली विरघळवायची दुसरी गोळी आली. ती रोज सकाळी आमच्या दवाखान्यात, शोभा सिस्टरच्या समोर घ्यायची. दर आठवड्याला जालन्याहून कळेल तसं प्रमाण थोडं थोडं उतरवायचं. कोयता सध्या धरायचा नाही, फक्त मोळ्या बांधायच्या.

मुकादमाला मी समजावलं, की हा झटका गोळीचा आहे, गोळी सुटली की झटका सुटेल. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "लिहून द्या." लिहून दिलं. या वेळी मराठीत, टपोऱ्या अक्षरात, आणि खाली ही चिठ्ठी कुठल्या तारखेपर्यंतच चालेल तेही. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली. "पट्टा पडूस्तोवर बघतो, बाई. पुन्ना पडली तर पुढल्या साली यांचा कोयता न्हाई." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या टोळीतली एक बाई वीतभरानं वाचली होती, आणि ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

जिभेखालची गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नसतं. कौसाबाईसाठी हीच मोठी शिक्षा. ती बाकावर तोंड मिटून बसायची आणि शोभा सिस्टर तेवढ्या वेळात बोलून घ्यायची. राजूरच्या गणपतीची चतुर्थीची गर्दी, जावेचे कारनामे, भाकरीच्या पिठाची तक्रार. कौसाबाईचे डोळे उत्तरं द्यायचे. गोळी विरघळली की ती सगळ्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर द्यायची, एकही न विसरता. मी आतून ऐकत बसायचे. पेशंट थांबलेले असायचे, तरी.

मेडिकलवाल्याकडे मात्र मी भांडायला गेले. गावाबाहेरच्या फाट्यावर दुकान, पांढऱ्या मिशांचा शेठ, दुकानात तीस वर्षं काढलेला. दोन साल जुन्या चिठ्ठीवर औषध कसं देता, असं विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, चिठ्ठी तुमची, सही तुमची. मी इचारलं असतं, तर तुम्हीच म्हणल्या असत्या, डॉक्टर मी का तू?" खरंच म्हणाले असते. त्याची चूक होतीच, कायद्यानंही होती, त्यानं ती नाकारली नाही. पण आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंनी एकमेकांवर विसंबून राहिलो होतो, आणि मधून ती चिठ्ठी ये-जा करत होती. त्यानं चहा मागवला. चहा घेताना त्यानं एक विचारलं, जे मला जालन्याच्या सभागृहातही सुचलं नव्हतं. "बाई, समजा मला कळलं की ह्याला सवय लागली. मंग मी त्याला काय म्हणू? न्हाई म्हणलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. तिथंपण न्हाई म्हणले तर? चार दिवस तळमळंल, न्हाई का?" मी म्हणाले, नाही म्हणू नका, माझ्याकडे धाडा. हे म्हणताना माझ्या लक्षात आलं, की धाडल्यावर मला काय करायचं ते माहीत असायला हवं.

म्हणून मग तो छोटासा वर्ग भरवला. एका गुरुवारी दुपारी, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. आसपासचे तीन मेडिकलवाले, दोन डॉक्टर, चार नर्सबाई, दोन आशाताई. किडकिडीत मुलगी जालन्याहून एसटीनं आली. शोभा सिस्टरनं पोहे केले होते, त्यामुळे उपस्थिती चांगली. चिठ्ठीवर किती दिवस हे अंकात आणि अक्षरात लिहायचं, तोंडीही सांगायचं. आधी साध्या गोळ्या, शेक, विश्रांती. ठरल्या दिवसापेक्षा आधी परत आला तर रागवायचं नाही, विचारायचं. एका डॉक्टरनं विचारलं, "पण सवय लागलीय हे ओळखायचं कसं? दुखतंय म्हणतो, तर खरंच दुखत असेल."

कौसाबाई मागच्या बाकावर होती. तिची गोळी सकाळीच झाली होती, पण पोह्यांचा वास आल्यावर ती थांबली होती. ती तिथूनच म्हणाली, "सुट्टीच्या दिशी बघा ना, सायब."

सगळे वळले. ती जराही लाजली नाही.

"गाळप बंद असलं की आमाला सुट्टी. त्या दिशी ना मोळी, ना कोयता. दुखायचं काईच कारण न्हाई. तरी हात बटव्यात जातोच. त्या दिशी ज्याचा हात बटव्यात गेला, त्याला लागली."

किडकिडीत मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. नंतर मला म्हणाली, पुढच्या प्रशिक्षणात मी हे सांगणार आहे. कौसाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मलाच न्या की. जालना बघितलं, पर बाजार बघायचा राह्यलाय."

त्याच वेळी एक उलटी गोष्टही घडत होती. राजूरकडचे एक निवृत्त मास्तर, शोभा सिस्टरच्या नात्यातले, कॅन्सरचे शेवटचे महिने काढत होते. त्यांचा मुलगा आमच्या वर्गाबद्दल ऐकून आला आणि म्हणाला, बाबांना दिलेल्या दुखण्याच्या तीव्र गोळ्या मी बंद केल्या, लत लागेल म्हणून. मी हातातलं टाकून त्याच्याबरोबर निघाले. मास्तर भिंतीला डोकं टेकून बसले होते, हू का चू न करता, घाम डबडबलेला. मला त्या मुलाचा राग येईना, माझाच आला. अर्धंच शिकवलं होतं मी. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोन दिवसांनी मास्तरांनी उशाशी ठेवलेलं वर्तमानपत्र मागितलं आणि अग्रलेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. औषध त्याच जातीचं. एकाला त्याच्यापासून सोडवायचं होतं, दुसऱ्याला तेच द्यायचं होतं. कुणाला काय, हे चिठ्ठी लिहिताना माणसाकडे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायला वेळ लागतो. वेळ नाही, ही माझी इतक्या वर्षांची सबब होती.

संक्रांतीच्या सुमाराला कौसाबाईचे डोळे मला वेगळे वाटले. मी काही विचारायच्या आत शोभा सिस्टर आत आली आणि दार लोटून म्हणाली, "काल तिनं शेजारच्या कोपीतल्या बाईकडून दोन कॅप्सुला घेतल्या. मला सोता सांगून राह्यली." माझं डोकं फिरलं. बाहेर जाऊन मी तिला काय काय बोलले. एवढं सगळं करतोय आम्ही, तुला किंमत नाही, नवऱ्याचा तरी विचार कर. कौसाबाई म्हणाली, "तुमीच दिल्ती ना बाई? आन आता तुमीच वरडून राह्यल्या." आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी जालन्याला फोन लावला आणि हिरमुसून सांगितलं, संपलं सगळं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तिनं कुणी न विचारता सांगितलं ना?"

"हो."

"मग तुमचा उपचार चालू होता. काल तुम्ही थांबवलात."

माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगी. मी फोन ठेवला, स्कूटी काढली आणि ओढ्याकाठी कोप्यांवर गेले. चुलीपुढं बसलेली कौसाबाई घामाघूम होती. मला बघून नामदेव उठला, काय करावं न सुचून त्यानं खताचं पोतं अंथरलं. मी बसले. म्हणाले, "कौसाबाई, चुकलं माझं." तिनं भाकरी उलटली. दुसरी बाजू फुगू दिली. "संक्रातीला मोळ्या लई होत्या," ती म्हणाली. "उद्या येते. पर आज भाकर खाऊन जावा." मी खाल्ली. तिखट एवढं होतं की माझ्याच नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बघून नामदेव त्या हंगामात पहिल्यांदा हसला.

ती आली. प्रमाण पुन्हा थोडं वाढवलं, पुन्हा उतरवलं. त्याच सुमाराला टोळीतल्या इतरांकडे असलेल्या चिठ्ठ्या मी परत मागायला लागले, आणि लोक त्या द्यायला कचरले. मला वाटलं, गोळी जाईल म्हणून. एका म्हाताऱ्यानं दिली, पण देताना उगाचच तिच्यावरून हात फिरवला. शिकलेले लोक आपल्याला बघतात, आपल्या नावानं काही लिहितात, याचा तेवढाच पुरावा त्याच्याकडे होता. मी त्याला नवी चिठ्ठी लिहून दिली. औषध काही नव्हतं, नाव, वय, रक्तदाब आणि ‘प्रकृती चांगली’. तोही खूश, मीही.

माघ संपता संपता शोभा सिस्टरनं कौसाबाईला शेवटची पाव गोळी दिली. दोन आठवडे बिनगोळीचे गेले, झटका आला नाही. मुकादम रोज तिच्याकडे चोरून बघायचा. पण खरी धास्ती पुढं होती. पट्टा पडायचा होता. सगळे म्हणत, पट्टा पडल्यावर बघू. मीही मनातून तेच म्हणत होते.

एका सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला नाही. कोप्या उतरल्या, ट्रॅक्टरांत भांडी, कोंबड्या, पोरं भरली गेली. मुकादमानं कौसाबाई-नामदेवला एक आठवडा मागं राहू दिलं, मी मागितलं म्हणून. पहिले तीन दिवस ती दवाखान्यात येऊन नुसती बसायची. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायचो. तिनं जांभई दिली की शोभा सिस्टर दचकायची. "जांभई बी देऊ नको का आता?" कौसाबाई विचारायची. नाक वाहिलं नाही, पोट बिघडलं नाही, रात्री झोप लागत होती.

चौथ्या दिवशी मात्र ती कमरेवर हात ठेवून, पाय जपत आली.

"बाई, कंबर दुखतीय."

कसं विचारावं कळेना. "गोळी पाहिजे का?"

"बिलकुल न्हाई," ती चिडून म्हणाली. "गोळी मागाया न्हाई आले. दुखतंय कुठं ते दावाया आले."

शोभा सिस्टरनं तपासणीच्या टेबलावरची चादर सरळ केली. कौसाबाई पालथी झोपली, लुगडं जरा सैल केलं आणि हात मागं नेऊन एक बोट मणक्याच्या उजव्या अंगाला टेकवलं. एकाच जागी. मी हात धुतले, चोळून गरम केले आणि तिथं ठेवले. तीन हंगाम मी या बाईच्या कमरेला औषध दिलं होतं. तिच्या पाठीला माझा हात आज पहिल्यांदा लागत होता.

"इथं?"

"जरा खाली," ती म्हणाली. "हां. इथंच."